उंबऱ्यातली बाज

एक

ज्ञानोबा मेला होता, पण चेहरा असा टवटवीत की जिवंतपणी कधी इतका दिसला नसेल. गालांवर लाली, ओठ गुलाबी. कोळशाच्या धुरानं गेलेल्या माणसाचं हे असंच होतं, मरण त्याला रंग लावून पाठवतं. सहायक पोलीस निरीक्षक लुंबिनी सोनकांबळेनं चादर जरा खाली केली. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडं होतं. दोन्ही कधीकाळी मोडलेली आणि कशीबशी जुळलेली. बाकी हात सैल पडला होता. ही दोन बोटं मात्र अजून काही धरून असल्यासारखी होती.

बाज अंगणात होती. मागे लातुरातल्या त्या मोठ्या बंगल्याची नोकरांची खोली, दार सताड उघडं. आत जमिनीवर विझलेली शेगडी.

"सरळ केस आहे, म्याडम," सत्यम म्हणाला. तो साहेबांचा प्रसिद्धीप्रमुख. बत्तीस वर्षांचा, दोन हातांत दोन मोबाइल. "ताप होता, थंडी वाजली, शेगडी घेतली, दार लावलं. अपघात. साहेबांचा आज नांदेडला सत्कार आहे. बाराच्या आत कागद झाला तर बरं."

"मेलेल्याला बाराची घाई नसती," लुंबिनी म्हणाली.

साहेब म्हणजे मल्लिनाथ हत्तरगे. लातुरात हे नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आधी पाइपच्या कंपनीत विक्री अधिकारी, मग त्याच कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक, तिथून खासदार, आणि परवापासून पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष. उद्या दिल्लीत पदभार घ्यायचा होता. पाइप विकणाऱ्या माणसाला लोकांनी इतकं डोक्यावर घेतलं ते एका गोष्टीमुळं. त्र्याण्णवच्या भूकंपात ते किल्लारीला मामाच्या घरी होते. दोन दिवस ढिगाऱ्याखाली, सहा वर्षांच्या मामेबहिणीचा, कस्तुराचा हात हातात धरून. ती गेली, ते वाचले. प्रत्येक सभेत ते डावा हात वर करत आणि म्हणत, "या हातात तिचा हात होता." बाया पदर डोळ्यांना लावत. लुंबिनीनंही एकदा बंदोबस्तावर असताना लावला होता, उगाच खोटं कशाला बोला.

कुंपणाशी एक मुलगी उभी होती. ज्ञानोबाची साक्षी, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. ती रडत नव्हती. जवळ येऊन एवढंच म्हणाली, "म्याडम, अपघात लिहू नका. माझ्या बाबांनी बत्तीस वर्षांत एकदाबी दार लावलं न्हाई."

दोन

ज्ञानोबा किल्लारीकडचा, आणि किल्लारीकडच्या माणसाचं हे लुंबिनीला शिकवावं लागत नव्हतं. तिची सासू नागुबाई तिकडचीच. भूकंपात घर अंगावर आलं, तेव्हा कडी निघेना म्हणून आतल्या आत तिच्या घरातले दोघं गेले. तेव्हापासून त्या घरात दाराला कडीच नाही. लुंबिनी लग्न होऊन आली, तर नव्या नवरा-बायकोच्या खोलीला नुसता पडदा! पहिली तीन वर्षं तिचा संसार कुजबुजत झाला. पुढं तिला कळलं, त्या भागातली कितीतरी माणसं अशीच झोपतात. दार उघडं, बाज दाराशी, पाय बाहेर.

"ज्ञानोबा कसा झोपायचा?" तिनं स्वयंपाकीणबाईंना विचारलं.

पार्वतम्मा साठीची. निलंग्याच्या पलीकडची, सीमेवरची, मराठीत कानडी मिसळून बोलणारी. सकाळी सातला प्रेत पहिल्यांदा तिनंच पाहिलं.

"उंबऱ्यात, अव्वा. बाज अर्धी आत, अर्धी बाहेर. पाऊस आला तरी तसंच. आम्ही हसायचो, ज्ञानोबा, तुझे पाय कुत्रं नेईल रे!" तिनं नाक पुसलं. "काल ताप होता म्हणून गाडी बजरंगकडं दिली. मालकानं सोताच्या हातानं गोळ्या दिल्या. दूध मी दिलं, गोळ्या मालकानं. लई जीव होता."

"शेगडी कुणाची?"

"माझीच की. वांगं भाजलं, मागच्या पडवीत ठेवली, निखारे होते. कुणीबी उचलावी. पण ज्ञानोबा? अय्यो! त्याला धुराचा ठसका लागायचा. मी शेगडी पेटवली की शिव्या द्यायचा."

"आणि सकाळी बाज कुठं होती?"

पार्वतम्मानं इकडं तिकडं पाहिलं. सत्यम फाटकाशी फोनवर होता. तिनं आवाज खाली आणला.

"आत. पार आतल्या भिंतीला टेकवून. दार गच्च. मी ढकललं, आत जीव गुदमरला. वाटलं वारा लागला तर उठेल. म्हणून मीच ओढत बाहेर आणली, एकटीनं. फरशी गुळगुळीत, दोरीची बाज, सरकली. मग आरडले, तवा सत्यम आला. पोलीस यायच्या आधी हलवलं म्हणून मला धरतील का वं?"

"कुणाला सांगितलंत हे?"

"कुणीच विचारलं न्हाई. सगळ्यांनी बाज अंगणातच बघितली."

"मग अजून तरी कुणाला सांगू नका," लुंबिनी म्हणाली.

ती खोलीत गेली. एक खिडकी, घट्ट लावलेली. खुंटीवर दोन सदरे. भिंतीतल्या फळीवर घड्याळ, कंगवा, औषधाची बाटली, आणि त्यांच्या ओळीत, अगदी मोजून मधोमध, एक तुटका वरवंटा. वाटणघाटणाचा, अर्धा मोडलेला, वापरून गुळगुळीत झालेला.

"हा इथं कुणी ठेवला?" साक्षी मागून म्हणाली. "हे बाबांच्या पडलेल्या घरातलं. तेवढंच निघालं होतं. दार लागू नये म्हणून ते दारात ठेवायचे. फळीवर कधीच न्हाई."

म्हणजे कुणीतरी आलं होतं. त्यानं दारातला दगड उचलला, झोपेनं जड झालेल्या माणसासकट बाज आत ओढली, शेगडी ठेवली, दार लावलं. आणि एवढं सगळं करताना हातातला दगड जमिनीवर न टाकता फळीवर नीट मांडून ठेवला.

मारायला आलेल्या माणसाला आवराआवर कशी सुचली?

तीन

पहिला संशय बजरंगवर जाणं साहजिक होतं. दुसऱ्या नंबरचा ड्रायव्हर, ज्ञानोबाच्या जागेवर चार वर्षं डोळा. पहाटे साडेपाचला तोच साहेबांना घेऊन नांदेडला निघाला होता. लुंबिनीनं त्याला फोनवर धरलं.

"हाव, भांडण व्हायचं आमचं, न्हाई कशाला म्हणू?" बजरंग म्हणाला. "पण म्याडम, म्हातारा उंबऱ्यात झोपतोय, त्याला शेगडीनं काय होतंय? मोकळ्यावरच की तो. मी निघताना मागं गेलोबी न्हाई. तुम्ही सांगून राहिले म्हणून कळलं, दार लावलं होतं ते."

दुसरा सत्यम. त्यानं सकाळीच ज्ञानोबाचा मोबाइल उचलून खिशात टाकला होता. लुंबिनीनं हात पुढं केला तेव्हा निमूट दिला.

"साहेबांनी सांगितलं होतं, ताब्यात घे म्हणून. मला कारण माहीत नाही. मी फक्त भाषणं लिहितो, म्याडम."

"ज्ञानोबा तुम्हाला कधी काय बोलला?"

"बोलायचाच नाही. किल्लारीची गोष्ट सुरू झाली की सभेतून उठून गाडीकडं जायचा. मला वाटायचं, मालकाचं दुःख ऐकवत नसेल." त्यानं चष्मा पुसला. "सवयीनं दाराशीच पडला असेल. मग थंडी लागल्यावर त्यानंच दार ओढून घेतलं असेल ना?"

मग त्यानं नांदेडला फोन लावून दिला, आणि स्पीकरवर तो आवाज आला. जाड, सावकाश, ओळखीचा.

"लुंबिनीताई, ज्ञानोबा माझा ड्रायव्हर नव्हता, भाऊ होता. तीस वर्षं. काल ताप होता, मीच गोळ्या दिल्या. म्हटलं, झोप बाबा. सकाळी त्याला उठवायला नको म्हणून न भेटताच निघालो, याचं दुःख जन्मभर राहील. असा आतल्या भिंतीला लागून पडला, दार बंद, वारा कुठून लागणार? मीही मातीखालून निघालेला माणूस आहे, ताई. कस्तुराचा श्वास थांबताना मी ऐकलाय. श्वास कोंडणं म्हणजे काय, ते मला विचारा. त्याच्या मुलीचं शिक्षण मी करीन. तुम्ही फक्त त्याला शांतपणे जाऊ द्या."

फोन बंद झाला. कोपऱ्यातल्या हवालदाराचे डोळे ओले झाले होते.

लगेच दुसरा फोन वाजला. लुंबिनीचे वरिष्ठ. "सोनकांबळे, बारापर्यंत अपघात लिहून मोकळ्या व्हा. वरून दोनदा विचारणा झाली."

लुंबिनी फोन ठेवून उभी राहिली. काहीतरी खटकलं होतं. धान्यात खडा लागावा तसं. पण खडा कुठल्या घासात होता, ते सापडेना.

चार

साक्षीनं तिला स्वतःचा मोबाइल दाखवला. आदल्या संध्याकाळचा बापाचा निरोप होता, आवाजातला. ताप असलेला, पण खुशीत.

"साक्षे, सकाळी तयार राह. किल्लारीला जायचंय, मडिवाळप्पाकडं. दगडाचं काम हाय. मालकाला सांगितलं सगळं. मालक काईच बोलले न्हाईत, गप ऐकून घेतलं. चांगलं माणूस हाय गं."

"कसला दगड?"

"साहेब स्मारक बांधून राहिले ना तिथं, त्या कस्तुराचं. मडिवाळप्पा अक्षरं कोरतात. बाबांचा काय संबंध, मला माहीत न्हाई. बाबांनी भूकंपाचं कधी सांगितलंच न्हाई. बोटांचं विचारलं तरी उठून जायचे."

बोटं! लुंबिनीनं सासूला फोन लावला. नागुबाईला तीन गोष्टी विचाराव्या लागल्या नाहीत, एकच पुरली.

"हाव, त्या वेशीजवळच्या गल्लीत एकच पोरगा जिता निघाला. अठरा-एकोणीसचा. दुसऱ्या दिवशी काढला. बहिणीचा हात धरलेला, पोरगी कवाच गेलेली. हात सोडंना म्हणून बोटं मोडली त्याची काढणाऱ्यांनी. मी उभी होते की तिथं. कस्तुरा कस्तुरा करायचा. पुढं कुण्या कंपनीचा साहेब पाइपाची गाडी घेऊन आला पाण्यासाठी, चौथ्या दिशी. त्यानं नेला त्याला कामावर."

"आत्या, इतक्या वर्षांत हे कुणाला सांगितलं न्हाई तुम्ही?"

"मला कुणी विचारलंय? आन् सभेला मी जात न्हाई. मंडपात कोंडल्यावानी होतं."

लुंबिनी जीपमध्ये बसली आणि नांदेडच्या रस्त्याला लागली. साहेबांचं सगळं राजकारण उभं होतं ते एका ड्रायव्हरच्या मेलेल्या बहिणीवर. हजारो मैलांच्या प्रवासात, पुढच्या सीटवरून, कधीतरी एकदाच मन मोकळं करून सांगितलेली गोष्ट. मागच्या सीटवरच्या माणसानं ती उचलली. नागुबाईसारख्या ज्यांना खरं ठाऊक होतं, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. ज्याची गोष्ट होती तो मिठाला जागून गप बसला, आणि काल पहिल्यांदा बोलला.

पण हे झालं कारण. कारण असणं आणि हात असणं, यांत अंतर असतं. अहमदपूर मागं पडलं, आणि मग लुंबिनीला तो खडा दाताखाली आला. तिनं ड्रायव्हरला जीप बाजूला घ्यायला सांगितली. दोन मिनिटं ती नुसती रस्त्यावरच्या उसाच्या गाड्या बघत राहिली.

आतल्या भिंतीला लागून पडला.

पाच

विष्णुपुरीच्या धरणाजवळचं विश्रामगृह. दुपारचे तीन. व्हरांड्यात हारवाले, कार्यकर्ते, चार पत्रकार. बजरंग गाडी पुसत होता, सत्यम नुकताच पोचला होता. आत मल्लिनाथ हत्तरगे टेबलाशी. समोर पेन, चष्मा, गोळ्यांची डबी, भाषणाचे कागद, सगळं एका रेषेत. लुंबिनीला चहा आला. तिनं कप वाकडा ठेवला. बोलता बोलता साहेबांनी हात लांबवून त्याचा कान उजवीकडं वळवून सरळ केला.

"कंपनीतली सवय," ते हसले. "ताई, दार लावून घ्या. बाहेर कलकल फार."

लुंबिनी उठली नाही.

"राहू द्या की, साहेब. किल्लारीच्या माणसाला बंद दारात कसं बसवू? माझी सासू तिकडची. तिला दार लावलं की घाम फुटतो. तुम्हालाही होत असेल."

साहेबांनी दाराकडं पाहिलं. व्हरांड्यातली दोन माणसं सहज वळून बघत होती. काय म्हणणार? बारा वर्षं सभांमध्ये सांगितलेलं एका वाक्यात पुसणार?

"हो," ते म्हणाले. "राहू द्या."

"ज्ञानोबाचंही तसंच होतं. म्हणून सकाळी सगळ्यांना आधी नवल वाटायला हवं होतं ते दाराचं. बजरंगला वाटलं. पोरीला वाटलं. तुम्हाला न्हाई वाटलं."

"दुःखात माणूस..."

"बरोबर. दुःखात माणूस काहीबी बोलतो. तुम्ही म्हणालात, आतल्या भिंतीला लागून पडला."

"मग?"

"तुम्ही साडेपाचला निघालात, त्याला न भेटता. सातला पार्वतम्मानं दार उघडलं आणि बाज एकटीनं अंगणात ओढली. त्यानंतर जो आला त्यानं ती अंगणातच बघितली. सत्यमनं बघितली, मी बघितली. सगळे म्हणतात, उंबऱ्यात झोपला असेल, कारण रोज तिथंच झोपायचा. भिंत दोघांनाच ठाऊक, साहेब. एक पार्वतम्मा. तिनं मला सोडून कुणाला सांगितलं न्हाई."

साहेबांनी पेन उचललं आणि पुन्हा त्याच रेषेत ठेवलं.

"एवढ्यावर? एका भिंतीवर तुम्ही मला अडवणार? संध्याकाळपर्यंत तुमची बदली झालेली असेल."

"होऊ द्या. दारात वरवंटा होता. तो मधोमध फळीवर मांडलेला सापडला. घड्याळ, कंगवा, वरवंटा, बाटली. माझा कप तुम्हाला वाकडा बघवला न्हाई. आणि ती डबी समोर आहे, त्यातल्या झोपेच्या गोळ्या पोटात सापडतीलच. तापाच्या म्हणून दिल्यात ना?" तिनं आवाज चढू दिला नाही. "मला एकच कळत न्हाई. त्यानं मागितलं तरी काय होतं? पद न्हाई, पैसा न्हाई. दगडावर बहिणीपुढं त्याचं नाव. ज्ञानोबाची बहीण. एवढंच ना?"

"एवढंच?" मल्लिनाथ हत्तरगे उभे राहिले. सगळ्या सभांमध्ये कधी चढला नव्हता इतका त्यांचा आवाज चढला. "त्याची बहीण, त्याची बहीण! काल अर्धा तास तेच! अरे, तुझ्याकडं होती तेव्हा कुणाला माहीत होती ती? मी तिला घरोघर नेली. मी तिच्यासाठी देशाला रडवलं. तू नुसता गप बसून होतास! आता मी दिल्लीला निघालो, तर म्हणे परत द्या..."

ते थांबले. व्हरांड्यातली कलकल कधीच थांबली होती. उघड्या दारात सत्यम उभा होता, आणि त्याच्या मागं हार घेतलेले, मोबाइल वर धरलेले पंधरा-वीस जण. बजरंगच्या हातातलं फडकं पायरीवर पडलं.

"दार..." साहेब म्हणाले.

कुणी हललं नाही.

सहा

पुढचं काही सोपं नव्हतं. पोटात गोळ्या निघाल्या, शेगडीच्या कडीवर साहेबांच्या बोटांचे ठसे निघाले. तरी मोर्चे निघाले, कट म्हणून फलक लागले, आणि तिसऱ्या दिवशी लुंबिनीच्या हातात बदलीचा कागद पडला. दिल्लीत दुसरा अध्यक्ष बसला. त्यालाही एक गोष्ट होतीच. सत्यमनं जबाब दिला आणि भाषणं लिहायची सोडली, निदान तो तसं म्हणाला.

निघायच्या आदल्या दिवशी लुंबिनी साक्षीला घेऊन किल्लारीला गेली. नागुबाई हट्टानं सोबत आली, जीपचं दार वाटभर हातानं अर्धवट उघडं धरून. ड्रायव्हर वैतागला, पण म्हातारीपुढं काय बोलणार.

मडिवाळप्पा काळ्या दगडापाशी बसले होते. कोरलेल्या ओळीत "मल्लिनाथ यांची भगिनी" एवढी अक्षरं त्यांनी आधीच छिन्नीनं उडवली होती. तिथं पांढरट खळगा दिसत होता.

"ज्ञानोबा महिनाभर आधी येऊन गेलता," ते म्हणाले. "या ओळीवर हात ठेवून बसला. बोलला काईच न्हाई. मी म्हणलं, काय रे, चुकलं काय? तर म्हणला, अक्षर सुरेख हाय." त्यांनी छिन्नी उचलली. "पोरी, काय लिहू? आडनाव सांग, गाव सांग, साल सांग."

साक्षी खाली बसली. तिनं डावा हात त्या खळग्यावर ठेवला.

"ज्ञानोबाची बहीण," ती म्हणाली. "बाकी काही नको."

मडिवाळप्पांनी पहिला घाव घातला तशी नागुबाई दचकली. लुंबिनीनं तिचा हात धरला. म्हातारीची बोटं तिच्या बोटांत घट्ट रुतली, आणि ओळ पुरी होईपर्यंत दोघींपैकी कुणीच सोडवून घेतली नाहीत.